सातबारा म्हणजे तिजोरी नव्हे

जून महिना उजाडला की तहसील कचेरीच्या आवारात एक ठरलेले चित्र दिसते. झाडाखाली, पायरीवर, सेतू केंद्राच्या खिडकीपुढे बाप-लेक ताटकळत बसलेले असतात. पोराच्या हातात गुणपत्रिका, बापाच्या हातात सातबारा आणि दोघांच्या तोंडी एकच प्रश्न : ‘उत्पन्नाचा दाखला कधी मिळेल?’ तिकडे रानात वाफसा आलेला असतो, पेरणी खोळंबलेली असते. पण माणूस रांग सोडत नाही. कारण त्या एका कागदावर पोराची फी, वसतिगृह आणि पुढची चार वर्षे अवलंबून असतात.

या रांगेत दरवर्षी एक वाद ऐकू येतो. ‘एवढी जमीन नावावर आहे, मग गरीब कसे?’ असे कोणीतरी विचारतो. ‘जमीन आहे, पण तिच्यातून निघते काय?’ असे शेतकरी म्हणतो. जमीन म्हणजे मिळकत आणि पीक म्हणजे उत्पन्न, हा साधा फरक कागदावर उतरत नाही आणि त्याची किंमत पोराच्या शिक्षणाला मोजावी लागते.

हे दुखणे फक्त आपलेच आहे, असे समजू नका. शेकडो एकरांची शेती आणि दारात दोन-दोन ट्रॅक्टर असलेल्या अमेरिकन शेतकऱ्यालाही नेमका हाच वाद घालावा लागला. तिकडच्या केंद्र सरकारच्या एका खर्चविषयक कायद्यात चार ओळी बदलल्या आणि हजारो शेतकरी कुटुंबांचे कॉलेजचे गणित कोलमडले. ते पुन्हा जागेवर यायला साडेचार वर्षे गेली. ही हकीगत आपण नीट समजून घ्यावी अशी आहे.

एक अर्ज आणि त्यातला एक रकाना

अमेरिकेत कॉलेजचे शिक्षण महाग आहे. सामान्य घरचा मुलगा केंद्र सरकारची मदत घेतल्याशिवाय ते पुरे करू शकत नाही. ही मदत मुख्यत्वे दोन तऱ्हेची असते. एक ‘पेल’ नावाचे अनुदान, जे परत करावे लागत नाही. २०२५-२६ या वर्षी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. दुसरे म्हणजे सरकारी शैक्षणिक कर्ज. दोन्हींसाठी एकच अर्ज भरावा लागतो. त्याला तिकडे ‘फाफ्सा’ म्हणतात. राज्य सरकारे आणि पुष्कळशी कॉलेजेसुद्धा आपली मदत देताना याच अर्जाचा आधार घेतात. म्हणजे आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्याचे जे महत्त्व, तेच तिकडे या अर्जाचे.

या अर्जातून सरकार एक आकडा काढते : ‘हे कुटुंब पोराच्या शिक्षणावर स्वतः किती खर्च करू शकेल?’ आकडा मोठा आला की मदत कमी आणि लहान आला की मदत जास्त. आकडा काढताना पगार, बँकेतली शिल्लक, शेअर वगैरे धरतात. पण १९९२ सालच्या कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली होती. ज्या शेतावर कुटुंब स्वतः राहते आणि स्वतः कसते, त्या शेताची किंमत या हिशेबातून बाहेर ठेवली. उघडच आहे, पोराची फी भरायला कोणी बांधाकडेची दोन एकर विकत नाही आणि विकली तर पुढच्या वर्षी खायचे काय?

पुढे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या संसदेने सरकारी खर्चाचा एक अवाढव्य कायदा संमत केला. विधेयकाची पाने किती? ५,५९३! त्यात कोविडची मदत होती, सगळ्या खात्यांचा खर्च होता आणि त्याच पानांमध्ये ‘फाफ्सा’ अर्ज सोपा करण्याचा कायदाही बसवलेला होता. हेतू चांगलाच होता. शंभरावर प्रश्न असलेला तो अर्ज भरताना गोरगरिबांची दमछाक होत असे. प्रश्न कमी करावेत, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते.

पण अर्ज सोपा करता करता शेताची ती सूटही उडाली. लहान धंदेवाल्यांची तशीच सूट होती, तीही गेली. शिवाय एकाच वेळी दोन मुले कॉलेजात असली की घराच्या ऐपतीचा आकडा दोघांत वाटला जाई, तो नियमही काढून टाकला. रोग बरा करायला गेले आणि हातपाय लुळे करून आले, त्यातला प्रकार!

साडेसात हजाराचे एकेचाळीस हजार

कायदा झाला त्या दिवशी शेतकऱ्याला काही कळले नाही. कळणार कसे? नवा अर्ज प्रत्यक्षात आला तो डिसेंबर २०२३ च्या अखेरीस, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी. तोपर्यंत सूट गेल्याची बातमी गावोगाव पोचायला सुरुवात झाली होती.

आयोवा हे मका-सोयाबीनचे राज्य. तिथे जो हिशेब मांडला गेला तो बोलका आहे. वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न असलेले एक शेतकरी कुटुंब घ्या. त्यांच्या शेताची किंमत दहा लाख डॉलर धरा. यंत्राने शेती करणाऱ्या त्या मुलखात हे शेत काही जहागीरदाराचे नव्हे, मध्यम कुटुंबाचेच. जुन्या नियमाने या घराने पोराच्या शिक्षणावर वर्षाला ७,६२६ डॉलर खर्च करावेत, अशी अपेक्षा होती. नव्या नियमाने ती ४१,०५६ डॉलरवर गेली. घरात येतात साठ हजार आणि सरकार म्हणते, त्यातले एकेचाळीस हजार तुम्ही एका पोरावर घालू शकता! उत्पन्नात एका डॉलरचीही वाढ नाही. पाऊस तोच, भाव तोच, कर्ज तेच. फक्त अर्जातल्या एका रकान्यात जमिनीची किंमत लिहावी लागली.

मंडळी, जमिनीची किंमत हा मोठा फसवा आकडा आहे. शेजारून हमरस्ता गेला की ती वाढते. पण त्याने कणसात एक दाणा जास्त भरत नाही. ती किंमत शेतकऱ्याला फक्त एकदाच मिळते, तो शेतकरी राहत नाही त्या दिवशी.

ओरड कशी केली, हे महत्त्वाचे

आता यापुढची गोष्ट आपल्याला अधिक उपयोगाची आहे. त्या शेतकऱ्यांनी काय केले?

पहिली गोष्ट, त्यांनी हिशेब मांडला. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. ७,६२६ आणि ४१,०५६ हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. असे दोन आकडे समोर आले की दहा भाषणांचे काम होते.

दुसरी गोष्ट, संघटनेची शिडी वापरली. अमेरिकन फार्म ब्युरो ही तिकडची शेतकऱ्यांची मोठी संघटना. तिचे काम खालून वर चालते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा भाग. तिथल्या शाखेत सभासद ठराव करतात, तो राज्याकडे जातो आणि तिथून देशाच्या अधिवेशनात येतो. शेताची सूट परत आणा, ही मागणी या संघटनेने उचलून धरली.

तिसरी गोष्ट, पक्ष आडवा येऊ दिला नाही. आयोवाच्या सिनेटर जोनी अर्न्स्ट या स्वतः शेतकरी कुटुंबातल्या, रिपब्लिकन पक्षाच्या. त्यांनी सूट परत आणण्याचे विधेयक मांडले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्यही बरोबर आले. ज्यांच्या मतदारसंघात शेती आहे, त्यांना पक्षापेक्षा शेत जवळचे वाटले.

तरीही ते विधेयक स्वतंत्रपणे पार पडले नाही. इतक्या छोट्या गोष्टीसाठी संसदेला वेळ नसतो. हे तिकडेही आणि इकडेही. शेवटी संधी आली ती २०२५ मध्ये. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या पक्षाने कर आणि खर्च यांचा एक मोठा कायदा आणला. अमेरिकन सिनेटमध्ये एरवी वादग्रस्त विधेयकाला शंभरपैकी साठ मते लागतात. पण अर्थसंकल्पाशी जमवून घेण्याची एक खास पद्धत आहे, तिच्यात साधे बहुमत पुरते. हा कायदा त्या वाटेने आला. सिनेटमध्ये मते पडली पन्नास-पन्नास आणि उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने तो पार झाला. ४ जुलै २०२५ रोजी त्यावर सही झाली. त्याच कायद्यात शेताची सूट परत आली. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून ती लागू करण्याचे ठरले.

पण मधल्या काळाचे काय? २०२४ आणि २०२५ या दोन सालांत ज्यांची मुले कॉलेजात जायची होती, त्यांना ही सूट मिळाली नाही. शेतातले एक पीक बुडाले तर पुढच्या हंगामाची आशा असते. पोराचे अठरावे वर्ष मात्र पुन्हा येत नाही.

एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले

आता कोणी म्हणेल, ‘झाले ना काम? मग गोष्ट संपली.’ इथेच सावध व्हायला हवे. ज्या कायद्याने शेताची सूट परत दिली, त्याच कायद्याने दुसरीकडे कात्री चालवली.

पदवीनंतरच्या शिक्षणासाठी संपूर्ण खर्चाइतके सरकारी कर्ज मिळण्याची एक योजना होती. १ जुलै २०२६ पासून ती नव्या कर्जदारांना बंद करण्यात आली. त्याऐवजी पदव्युत्तर अभ्यासाला आयुष्यभरात एक लाख डॉलर आणि डॉक्टरकीसारख्या व्यावसायिक अभ्यासाला दोन लाख डॉलर अशी मर्यादा घातली. आईबापांनी मुलाच्या नावाने काढायच्या कर्जालाही वर्षाला वीस हजार आणि एकूण पासष्ट हजार डॉलरची मर्यादा आली. ‘उधार सहज मिळते म्हणून कॉलेजे फी वाढवतात, त्यांना लगाम हवा,’ असे कायदा करणाऱ्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण लगाम कॉलेजच्या तोंडात बसतो की गरिबाच्या गळ्यात, हे पाहावे लागेल.

दुसरा घाव थेट खेड्यावर पडला. अमेरिकेत १९१४ सालच्या कायद्याने कृषी विद्यापीठांची विस्तार सेवा सुरू झाली. विद्यापीठाचा माणूस जिल्ह्यात बसतो, शेतकऱ्याला सल्ला देतो. याच सेवेमार्फत अनेक राज्यांत गरीब कुटुंबांना आहाराचे शिक्षण देण्याचा एक कार्यक्रम चाले. २०२५ च्या कायद्याने त्याचा पैसा ऑक्टोबर २०२५ पासून थांबवला आणि अनेक विद्यापीठांना विस्तार सेवेतली माणसे कमी करावी लागली. दोन मुलांमध्ये ऐपत वाटून धरण्याचा जुना नियमही परत आला नाही, तो नाहीच.

उलट, काही गोष्टी बोलल्यामुळे टळल्या. संसदेच्या खालच्या सभागृहाने पूर्ण पेल अनुदानासाठी वर्षाला २४ ऐवजी ३० श्रेयांकांचा अभ्यास करण्याची अट घातली होती. दिवसा काम करून शिकणाऱ्या पोरांचे त्यात हाल झाले असते. कॉलेजांच्या संघटनांनी गलका केला आणि सिनेटने ती अट गाळली. श्रीमंत विद्यापीठांच्या गंगाजळीवर २१ टक्क्यांपर्यंत कर बसवायचा होता. तो शेवटी ८ टक्क्यांवर थांबला. जो हिशेब घेऊन दारात उभा राहिला, त्याचे थोडेफार ऐकले गेले.

आणि जो उभा राहू शकला नाही, त्याचे काय होते, याचाही दाखला तिथेच आहे. १८६२ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने तिकडच्या शेतकी-कारागिरी कॉलेजांचा कायदा झाला. तो आणणारे जस्टिन मॉरिल हे लोहाराचे चिरंजीव. १८९० साली दुसरा कायदा होऊन कृष्णवर्णीयांसाठीच्या कॉलेजांनाही मदत देण्याचे ठरले आणि ती न्याय्य वाटपाने द्यावी, असे लिहिले गेले. पण २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून दाखवून दिले, की तीस वर्षांत या कॉलेजांना मिळून बारा अब्ज डॉलरहून अधिक पैसा कमी दिला गेला. कायदा पुस्तकात होता. मागायला जाणाऱ्याच्या आवाजाला वजन नव्हते.

आपल्या बांधावर

वाचकहो, ही परदेशातली कथा आपल्याला परकी नाही. पंतनगरला १९६० मध्ये देशातले पहिले कृषी विद्यापीठ निघाले, ते अमेरिकेतल्या याच कॉलेजांच्या धर्तीवर आणि इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने. त्याच मुशीतून पुढे राहुरी १९६८ मध्ये आणि अकोला १९६९ मध्ये उभे राहिले. १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीची भर पडली. आपण ज्या वाणाचे बी पेरतो त्याच्या मुळाशी कुठेतरी हे नाते आहे.

आणि जमिनीला तिजोरी समजण्याची चूकही आपल्याकडे आहे. २०१९ पासून केंद्राच्या शिक्षणसंस्थांत आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा राखीव झाल्या. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, हे ठीक. पण त्यासोबत एक अट आहे : कुटुंबाकडे पाच एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, लाभ नाही. आता सांगा, कृष्णाकाठचे पाच एकर उसाचे रान आणि माण, जत किंवा आष्टीचे पाच एकर कुसळाचे माळरान एका मापाने कसे मोजायचे? नोकरदाराचे उत्पन्न सात लाख असले तरी तो बसतो आणि सहा एकर कोरडवाहूवाला वर्षाला लाखभरही न दिसता बाहेर!

बागायत आणि जिरायत हा फरक सरकारला कळत नाही, असेही नाही. १९९३ मध्ये इतर मागासवर्गीयांसाठी उन्नत गटाचे नियम केले, तेव्हा हा फरक स्पष्ट लिहिला होता. ज्याची सगळी जमीन कोरडवाहू आहे, त्याला जमिनीच्या कारणाने वगळू नये, असे त्यात आहे. मग २०१९ च्या नियमात हे शहाणपण का उतरले नाही? पुढे केंद्राने नेमलेल्या समितीने २०२१ च्या डिसेंबरअखेरच्या अहवालात घराच्या क्षेत्रफळाची अट काढावी असे सुचवले. पाच एकरांची मात्र ठेवावी म्हटले. शहरातल्या घराची अडचण दिल्लीला दिसली, माळरानाची दिसली नाही. कारण माळरानाचा हिशेब घेऊन तिथे कोणी गेलेच नसावे.

तेव्हा काय करायचे? गावातून होण्यासारख्या तीन गोष्टी सुचवतो.

एक. ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो, विनंती आहे. सातबाऱ्यावर जिरायत-बागायत आणि पीकपेरा जसा असेल तसा लिहा. आटलेल्या विहिरीवर बागायत दाखवू नका. तुमच्या एका नोंदीवर कोणाचा तरी दाखला उभा असतो. खोटे कमी उत्पन्नही लिहू नका. एका खोट्या दाखल्याने दहा खऱ्या दाखल्यांवर संशय येतो.

दोन. ग्रामसभेत एक साधा तक्ता करा. पाच एकरांवर जमीन आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न अशी गावात किती घरे आहेत? त्यातल्या किती घरांतली मुले या अटीमुळे अडली? नावे नकोत, आकडे हवेत. ठरावाला तो तक्ता जोडा. नुसता ठराव फायलीत झोपतो. आकडा माणसाला झोपू देत नाही.

तीन. वेळ साधा. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, राज्याचा साधारण मार्चमध्ये. आपण जागे होतो एप्रिलमध्ये, म्हणजे वरातीमागून घोडे. पाच एकरांची अट केंद्राच्या आदेशात आहे, ती काही अर्थसंकल्पात लिहिलेली नाही. पण खासदार ऐकून घेतात, प्रश्न विचारतात, ते अधिवेशनाच्या तोंडावर. राज्याच्या वसतिगृह भत्त्याचा किंवा शिष्यवृत्तीचा विषय असेल, तर आमदारांना नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी गाठा. पेरणी पाऊस पडल्यावर करतात. मशागत मात्र उन्हाळ्यातच करावी लागते.

अमेरिकन शेतकरी आपल्यापेक्षा पैसेवाला, संघटित, इंटरनेटवर बसलेला. तरी त्याला चार ओळी परत आणायला साडेचार वर्षे लागली आणि त्यातही एक हातात आले, दुसरे निसटले. आपल्याला कदाचित जास्त वेळ लागेल. म्हणून तर आजच सुरुवात करायची. पुढच्या जूनमध्ये तहसीलच्या पायरीवर जी पोर बसेल, ती आज दहावी-बारावीचा अभ्यास करते आहे. तिचे काम ती करते आहे. आपले काम आपण कधी करणार?